छातीतली कळ आणि पंचांगातली अवस

ईसीजीच्या गुलाबी कागदावर छातीच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या लीडमधली रेघ तीन-तीन मिलिमीटर वर उचललेली असते. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त नेणारी धमनी बंद पडली आहे, याशिवाय दुसरा अर्थ त्यातून सहसा निघत नाही. डॉक्टर सांगतात, लगेच कॅथ लॅबमध्ये, म्हणजे बंद धमनी उघडण्याच्या खोलीत, घ्यायला हवं. बाहेर बाकावर घरच्यांची कुजबुज होते, गावाकडे एक फोन जातो आणि थोरला मुलगा आत येऊन विचारतो, "डॉक्टर, आज अवस आहे. तीन वाजून दहा मिनिटांनी सुटते. तेवढं थांबलं तर चालेल का?" घड्याळात साडेअकरा वाजलेले असतात.

हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही नवा नाही. विचारणारा मुलगा वडिलांवर जीव टाकणारा असतो. बहुतेक वेळा तो शिकलेला असतो, स्टेंटची किंमत त्याने मोबाइलवर पाहून ठेवलेली असते. त्याला वेड्यात काढून काही साधत नाही, कारण त्याची शंका एकट्याची नाही. रात्रपाळीच्या सिस्टर, वॉर्डबॉय, अँब्युलन्सचे ड्रायव्हर आणि चारचौघांत कबूल करत नसले तरी काही डॉक्टरसुद्धा "आज पुनव, आज गर्दी होणार" असं बोलून जातात. तेव्हा प्रश्न सरळ घ्यावा आणि त्याचं उत्तर सरळ द्यावं. माझं उत्तर असं आहे की चंद्र हृदयाला काही करत नाही. चंद्रावर बांधलेलं आपलं कॅलेंडर मात्र करतं, आणि त्या कॅलेंडरची भीती त्याहून कितीतरी जास्त करते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा पाण्याचा. समुद्राला उधाण येतं, माणसाच्या शरीरात साठ टक्के पाणी, मग रक्ताला उधाण का येऊ नये? कोकणातल्या कुठल्याही कोळ्याला यातली पहिली फट दाखवता येईल. भरती रोज येते, दिवसातून दोनदा, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. अवस-पुनवेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींना छेद देते, तो भांग. या ओढीने रक्त हलत असतं तर हृदयाच्या झटक्यांची लाट दर साडेबारा तासांनी यायला हवी होती. शिवाय अवस आणि पुनव यांत काही डावं-उजवं राहिलं नसतं, कारण उधाण दोन्हीला येतं. लोकांची भीती मात्र अवसेला जास्त आणि पुनवेला कमी असते.

दुसरी फट याहून मोठी आहे. भरती येण्याचं कारण पाणी हे नाही, आकार हे आहे. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूला किंचित जास्त आणि पलीकडच्या बाजूला किंचित कमी पडते, आणि या फरकातून समुद्र दोन्हीकडे फुगतो. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किलोमीटर, म्हणून तो फरक किनाऱ्यावर दिसण्याइतका होतो. रंकाळ्याला किंवा लोणारच्या सरोवराला डोळ्यांना दिसेल अशी भरती कधी येत नाही, आणि त्यांतही पाणीच आहे. साडेपाच फुटांच्या माणसाच्या डोक्यावर आणि तळपायावर चंद्राच्या ओढीत जो फरक पडतो, तो पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा सुमारे तीस लाख कोटींवा भाग भरतो.

एवढ्या लहान आकड्याने मनात काही उमटत नाही, म्हणून तो बीपीच्या मापात मांडून पाहू. बीपी मोजताना दंडाला बांधलेला पट्टा हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली राहिला, तर आकडा ७ ते ८ मिलिमीटरने जास्त येतो. म्हणूनच हात टेबलावर, छातीच्या उंचीला ठेवायला सांगतात. आडवा माणूस उठून उभा राहिला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं, नाडी वाढते, शिरा आवळल्या जातात आणि काही सेकंदांत सगळं पुन्हा जागेवर येतं. याच मापात चंद्राचा वाटा एका मिलिमीटरच्या अब्जाव्या भागाचाही दोन-तीनशेवा हिस्सा आहे. पाटावरून पन्नास वेळा उठबस करणारं शरीर ज्याची दखल घेऊ शकत नाही, त्याने धमनी बंद पडेल हे शक्य नाही.

झटक्याचा आणि वेळेचा संबंधच नाही, असं मात्र मुळीच नाही. उलट हा संबंध वैद्यकात फार बारकाईने तपासला गेला आहे. हृदयाचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात, हे १९८५ साली अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींवरून स्पष्ट झालं आणि नंतर अनेक देशांत पुन्हा दिसलं. दिवसाच्या इतर वेळेच्या तुलनेत सकाळचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त भरतो. कारणंही माहीत आहेत. पहाटे कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रिनलीन चढतं, जाग येताच बीपी उसळी घेतं, रक्तातल्या प्लेटलेट्स जास्त चिकट होतात आणि गुठळी विरघळवण्याची शरीराची स्वतःची ताकद नेमकी त्याच वेळी कमी असते. धमनीच्या भिंतीवर चरबीचा पातळ सालीचा फुगवटा आधीच असेल, तर तो तडकायला आणि त्यावर गुठळी बसायला ही वेळ सोयीची ठरते. नोकरदार माणसांत सोमवार जड जातो. थंडीत झटके वाढतात.

स्वीडनमध्ये दर वसंतात घड्याळं एक तास पुढे केली जातात. त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झटके सुमारे पाच टक्क्यांनी वाढतात, असं २००८ साली तिथल्या नोंदींवरून दाखवलं गेलं. त्याच देशातल्या १९९८ ते २०१३ या काळातल्या २,८३,०१४ झटक्यांच्या नोंदी तपासल्यावर नाताळच्या आदल्या दिवशी धोका ३७ टक्क्यांनी जास्त निघाला, तोही रात्री दहाच्या सुमारास. लॉस एंजेलिस परिसरात १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे नॉर्थरिजचा भूकंप झाला. एरवी दिवसाला सरासरी ४.६ माणसं हृदय अचानक बंद पडून जात, त्या दिवशी २४ गेली.

या आकड्यांमधून एक गोष्ट कळते. नोंदी पुरेशा मोठ्या असतील तर एका तासाच्या मोडलेल्या झोपेचा ठसाही त्यांत उमटतो. सोळा वर्षांत सुमारे १९८ अमावास्या येतात आणि तेवढ्याच पौर्णिमा. चंद्राचा काही जोर असता तर तो एव्हाना देशोदेशीच्या नोंदींत सकाळच्या लाटेसारखा ठसठशीत दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही. व्हिएन्नातल्या अभ्यासकांनी २००३ साली झटके आणि अचानक मृत्यू यांचा चंद्राच्या कलांशी संबंध नसल्याचं नोंदवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सात इमर्जन्सी विभागांच्या अकरा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत पौर्णिमेला काही फरक नव्हता, आणि अमावास्येला हृदय बंद पडून आलेले पेशंट इतर दिवसांपेक्षा ६.५ टक्क्यांनी कमी होते. आपल्याकडच्या समजुतीच्या नेमकं उलट. म्हणून अवस हृदयाला मानवते असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं आणि अवस भोवते असं म्हणणं, दोन्ही एकाच चुकीतून येतं.

ती चूक कशी होते हे समजून घेण्यासारखं आहे. वैद्यकात 'योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी' निघाली की निष्कर्षाला दखलपात्र मानायची रीत आहे. तिथी तीस. प्रत्येक तिथीची अशी वेगळी चाचणी घेतली, तर चंद्राचा कणभरही परिणाम नसताना तिसांतली एक तरी तिथी दखलपात्र निघण्याची शक्यता ७८ टक्के असते. त्यात पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, मधुमेही वेगळे, चढता पंधरवडा वेगळा असं चिरत गेलं, की काही ना काही हाती लागतंच. मग तेवढंच छापून येतं. ऱ्होड आयलंडमध्ये महाधमनी फाटलेल्या २१० पेशंटांच्या ऑपरेशनांचा अभ्यास २०१३ साली आला होता. ओसरत्या पुनवेला ऑपरेशन झालेले कमी दगावले, असं त्यात होतं, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. २१० पेशंट चंद्राच्या कलांत वाटले की प्रत्येक वाट्याला किती येतात आणि त्यांतले मृत्यू किती, हे मोजलं असतं तर मथळे छापले गेले नसते.

या धोक्याचा सगळ्यात बोलका धडा हृदयरोगाच्या इतिहासातच आहे. १९८८ साली आयसिस-२ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ४१७ हॉस्पिटलांतले १७,१८७ पेशंट त्यात होते. झटक्यात अ‍ॅस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतले हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी होतात, हे तिने निर्विवाद दाखवलं. पेशंटांचे छोटे-छोटे गट पाडून निष्कर्ष काढणं किती फसवं असतं हे कळावं, म्हणून संशोधकांनी त्याच अहवालात जन्मराशीप्रमाणेही आकडे दिले. मिथुन आणि तूळ राशीच्या पेशंटांना अ‍ॅस्पिरिनचा उपयोग होत नाही असं त्यातून निघालं, उरलेल्या दहा राशींना भरपूर होतो असंही. तेव्हापासून मिथुनेच्या माणसाला कुणी अ‍ॅस्पिरिन नाकारलेली नाही. चंद्राच्या कलांचे निष्कर्षही याच तराजूत तोलायला हवेत.

"पण आम्ही डोळ्यांनी पाहतो ना, पुनवेला वॉर्ड भरलेला असतो," असं रात्रपाळीची सिस्टर म्हणते. ती खोटं बोलत नाही. समजा एका हॉस्पिटलात दिवसाला सरासरी तीन झटके येतात. ही सरासरी कायम राहिली तरी रोज मोजून तीन कधीच येत नाहीत. एखाद्या दिवशी शून्य, एखाद्या दिवशी सात. निव्वळ योगायोगाने एका दिवसात सहा किंवा जास्त पेशंट येण्याची शक्यता साधारण साडेआठ टक्के, म्हणजे वर्षातून तीस दिवस अशी झुंबड उडणारच. वर्षाच्या पंचवीसेक अवस-पुनवांपैकी दोन तरी या तीस दिवसांत येणार. त्या दोन रात्री कायमच्या लक्षात राहतात, कारण त्यांना नाव आहे. सप्तमीच्या किंवा द्वादशीच्या झुंबडीला नाव नसतं. ती थकव्याबरोबर विसरली जाते.

शिवाय तिथी ताणता येते. माणूस चतुर्दशीला गेला तर "अवस लागत होती", प्रतिपदेला गेला तर "अवस भोवली". दोन्ही बाजूंचा एकेक दिवस धरला की अवस-पुनव मिळून महिन्याचे सहा दिवस होतात. कुठलंही कारण नसताना पाचांतला एक मृत्यू चंद्राच्या खात्यावर जमा होतो.

इथपर्यंतचा मुद्दा जगात कुठेही लागू पडेल. आपल्याकडची खरी गुंतागुंत पुढे आहे, आणि तिच्याकडे डॉक्टरांचंही फारसं लक्ष गेलेलं नाही. अवसेला लोक आपणहून ॲडमिट होत नाहीत. ठरवलेली अँजिओग्राफी पुढे ढकलतात, बायपासची तारीख बदलून घेतात. समजा एरवी दिवसाला वीस जण ॲडमिट होतात, त्यांतले पाच अत्यवस्थ आणि त्यांतला एक जातो. मृत्यूचं प्रमाण पाच टक्के. अवसेला अत्यवस्थ पाच येतातच, त्यांना पंचांग पाहायला सवड नसते. ठरवून येणारे पंधरांऐवजी पाचच येतात. दगावणारा तेवढाच एक, पण आता दहांतला एक. प्रमाण दहा टक्के. हॉस्पिटलातलं कुणीही हा हिशेब मांडला तर अवस दुप्पट घातक निघेल, आणि हा घातकपणा आला कुठून? तर आपणच हलकी प्रकृती असलेल्यांना त्या दिवशी घरी ठेवलं म्हणून. जे झटका येऊनही अवस सुटेपर्यंत घरी थांबले, ते प्रतिपदेला जास्त बिघडून येतात. त्यांचा मृत्यूही अवसेच्याच नावावर मांडला जातो. समजूत स्वतःला पुरावा पुरवत राहते.

आता कॅलेंडर. सण जर तिथीला बांधलेले असतील, तर त्या तिथीला माणसांचं वागणं बदलणार, आणि वागणं बदललं की हृदयावर परिणाम होणारच. आषाढी अवसेला, श्रावण लागण्याच्या आदल्या दिवशी, गटारी होते. एका रात्रीत भरपूर दारू पिऊन दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके विस्कळीत होतात, वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, याला वैद्यकात १९७८ पासून 'हॉलिडे हार्ट' असं नावच आहे. एरवी ठणठणीत असलेल्या चाळिशीच्या माणसालाही हे होतं. लक्ष्मीपूजन अवसेला, त्या रात्री हवेत धूर. कोजागरीला जागरण. सर्वपित्रीला वर्षातलं सगळ्यात जड जेवण. वटपौर्णिमेला दिवसभराचा उपास, आणि गोळ्या 'उपास सोडल्यावर'.

उपासाच्या दिवशी काय बिघडतं ते नेमकं सांगायला हवं, कारण इथे काहीतरी करता येतं. स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. त्यांतली एक टिकॅग्रेलॉर असेल, तर ती दर बारा तासांनी घ्यायची असते. उपासापायी एक-दोन डोस चुकले, विशेषतः पहिल्या महिन्यात, तर नव्या स्टेंटच्या जाळीत गुठळी बसू शकते, आणि असा झटका पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या गोळीने उपास मोडतो असं मानणाऱ्यांनी त्या दिवशी उपास करू नये. हृदय कमजोर असलेल्यांना मीठ बेताचं सांगितलेलं असतं आणि त्या दिवशी घरात सैंधव घातलेले वेफर्स, शेंगदाणे, बटाट्याची भाजी असते. सैंधव चालतं, असा ठाम समज आहे. सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. पायांवरची सूज आणि रात्रीची धाप त्यानेही तशीच वाढते. मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवून उपाशी राहिल्यावर साखर एकदम उतरते, तोही हृदयावर ताणच. हे सगळं चतुर्थीला आणि एकादशीलाही होतं, चंद्र तेव्हा पूर्ण गोल असो वा नसो.

चंद्राचा खरा परिणाम आणि कॅलेंडरचा परिणाम वेगळे कसे काढायचे, याची कसोटी सोपी आहे. चंद्र सगळ्या जगाला एकच. अवसेला पुण्यात झटके वाढत असतील आणि कारण चंद्र असेल, तर त्याच दिवशी व्हिएन्नातही वाढायला हवेत. फक्त पुण्यात वाढत असतील तर कारण पुण्यात शोधावं. आपल्याकडे कुणी हा अभ्यास करणार असेल, तर पेशंट ॲडमिट झाल्याची वेळ घेऊ नये, कळ सुरू झाली ती वेळ घ्यावी. तिथी मध्यरात्री बदलत नाही आणि तिची लांबी साधारण १९ ते २६ तास अशी कमीजास्त होते, म्हणून कॅलेंडरवरची उदयतिथी, म्हणजे सूर्योदयाला असलेली तिथी, न घेता त्या घटकेला चालू असलेली तिथी धरावी. सणांच्या अवस-पुनवा बाजूला काढून बिनसणाच्या वेगळ्या मोजाव्यात. एका वर्षाच्या बारा अवसांपैकी तीन-चार सोमवारी आल्या तर सोमवारचा परिणाम अवसेच्या माथी बसतो, म्हणून निदान पाच-सात वर्षांच्या नोंदी हव्यात. कोणती तिथी तपासणार हे आकडे उघडण्याआधी लिहून ठेवावं.

एक गोष्ट चंद्राच्या बाजूने मान्य करायला हवी. पुनवेच्या आधीच्या रात्रींत माणसं थोडी उशिरा आणि थोडी कमी झोपतात, असं अर्जेंटिनातल्या तोबा आदिवासींमध्ये आणि सिअ‍ॅटलच्या विद्यार्थ्यांमध्ये २०२१ साली दिसलं. त्याआधी २०१३ साली प्रयोगशाळेत झोपलेल्या ३३ जणांतही पुनवेच्या सुमारास झोप वीसेक मिनिटांनी कमी आढळली होती. हे खरं असलं तरी वीस मिनिटांची झोप मोबाइल दररोज खातो. आणि अंधाऱ्या अवसेची भीती तर यातून मुळीच सिद्ध होत नाही.

भीतीने हृदय थांबू शकतं का? नॉर्थरिजच्या भूकंपात ते थांबलं होतं. २००१ साली अमेरिकेतल्या चिनी आणि जपानी वंशाच्या लोकांबद्दल असा दावा आला की महिन्याच्या चार तारखेला त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू वाढतात, कारण त्यांच्या भाषांत 'चार' आणि 'मृत्यू' यांचा उच्चार जवळपास सारखा आहे. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा हा दावा टिकला नाही. हाँगकाँगमध्ये, जिथे चाराची भीती सर्वांत जास्त असायला हवी, तिथेही तो दिसला नाही. तेव्हा अवसेच्या धास्तीने धमनी बंद पडते असंही मी म्हणणार नाही. भीती मारते ती दुसऱ्या वाटेने. ती पेशंटला दारातच थांबवते.

भारतातल्या ८९ हॉस्पिटलांतल्या वीस हजारांहून जास्त पेशंटांची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. कळ सुरू झाल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास. हॉस्पिटलात पोचल्यावर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरू व्हायला मात्र ५० मिनिटं लागत होती. म्हणजे वेळ जातो तो घरात, वाटेत, निर्णयात. हे सहा तास अवसेमुळेच जातात असं नाही. 'गॅस झालाय' म्हणून जातात, गाडी नाही म्हणून जातात, पैशांची जुळणी करण्यात जातात. अवस त्यांत आणखी तीन-चार तासांची भर घालते, आणि ही भर अशी की ती काढायला एक रुपयाही लागत नाही.

या तासांची किंमत माहीत आहे. १९८६ सालच्या इटलीतल्या मोठ्या चाचणीत, पहिल्या तासात गुठळी विरघळवण्याचं औषध मिळालेल्यांचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते. सहा तासांनंतर दिलं त्यांना म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. अँजिओप्लास्टीत दर अर्ध्या तासाच्या उशिराने वर्षभरातल्या मृत्यूचा धोका साडेसात टक्क्यांनी वाढतो, असं २००४ साली दिसलं. साडेअकरा ते तीन वाजून दहा मिनिटं, म्हणजे असे सात अर्धे तास. हृदयाचा जो स्नायू या वेळात मरतो तो पुन्हा जन्मत नाही. पेशंट वाचला तरी उरलेलं आयुष्य दोन जिने चढताना धापा टाकत काढतो.

म्हणून हॉस्पिटलांनी तिथी पाळावी का, या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचं नाही. स्थिर पेशंटची ठरवून केलेली अँजिओग्राफी, झडपेचं ठरवलेलं ऑपरेशन, पेसमेकरची बॅटरी बदलणं यांत एक दिवस मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. घरच्यांचं मन राखावं, वाद घालू नये. पण ईसीजीत रेघ उचललेली आहे, हृदयाचा स्नायू दुखावल्याचं सांगणारं रक्तातलं ट्रोपोनिन वाढलंय आणि कळ थांबत नाही, बीपी पडतंय, फुप्फुसांत पाणी भरतंय, नाडी तीसवर येऊन माणूस बेशुद्ध पडतोय, किंवा महाधमनी फाटली आहे, इथे तिथीचा विषय टेबलावर घेऊच नये. महाधमनी फाटल्यावर सुरुवातीला दर तासाला एक ते दोन टक्के पेशंट जातात. तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, एक हात पडला तर तो लकवा, आणि त्याच्या इंजेक्शनला साडेचार तासांची मुदत असते.

एक व्यवहारातली गोष्ट. घरच्यांचा विरोध बहुतेकदा 'चिरफाडी'ला असतो, सुईला नसतो. कॅथ लॅब जवळ असेल तर अँजिओप्लास्टीच चांगली, यात शंका नाही. पण सही मिळत नसेल, तर दुपारपर्यंत वाद घालत बसण्यापेक्षा गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन ताबडतोब द्यावं, अर्थात रक्तस्रावाचा धोका तपासून. टेनेक्टेप्लेज वजनाप्रमाणे ३० ते ५० मिलिग्रॅम, एकाच सुईत, दहा सेकंदांत जातं. अवस सुटल्यावर अँजिओग्राफी करता येते. अनेकांना तो मधला मार्ग पटतो. घरी असतानाही हेच सूत्र: छातीत वीस मिनिटं टिकणारी दाबल्यासारखी कळ, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात जाणारी वेदना असेल तर १०८ ला फोन करावा आणि साधी अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅमच्या आसपास चावून खावी. घरात ७५ च्या असतील तर चार, १५० च्या असतील तर दोन. ॲलर्जी असेल, कुठून रक्त जात असेल किंवा लक्षणं लकव्याची असतील तर घेऊ नये.

कायद्याने हे सुटणार नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारांपासून रोखणं गुन्हा आहे. इथे रोखणारा बाहेरचा कुणी नसतो. पोटचा मुलगा असतो, आणि तो वडिलांच्या भल्यासाठीच थांबलेला असतो. निर्णय मात्र बहुतेकदा त्याच्या हातात नसतो, गावाकडच्या फोनवरच्या थोरल्या माणसाच्या हातात असतो. डॉक्टरांनी तो फोन स्वतःच्या हातात घ्यावा. "काका, नमस्कार. दादांच्या हृदयाची मुख्य नळी साडेनऊला बंद पडली आहे. आता साडेअकरा झालेत. नळी बंद पडली ती अवसेलाच, मग ती उघडायला अवस कशाला आडवी येते?" एवढं आदराने, पंचांगाची टिंगल न करता बोलावं. पुजाऱ्याला विचारायचं असेल तर त्यांनाही जोडून घ्यावं. प्राण संकटात असताना मुहूर्त पाहू नये, हे परंपरेलाही मान्य आहे आणि बहुतेक पुजारी ते लगेच सांगतात.

आणि केसपेपरवर चार वेळा लिहाव्यात: कळ सुरू झाली ती, दारात आले ती, पहिला ईसीजी निघाला ती, सही झाली ती. ईसीजी दारात आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. ईसीजी आणि सही यांच्यात अवस आडवी आली असेल, तर तेही लिहावं, "तिथीमुळे विलंब, २ तास ४० मिनिटं", त्याच शब्दांत.